ग्रामसभेत वजा पाच

मी सोलापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात अकरावीला गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी घटक चाचणीत मी एक समीकरण घातलं: लॉग x अधिक लॉग (x + ३) बरोबर १, पाया दहा. सोडवलं की x ची दोन उत्तरं निघतात, दोन आणि वजा पाच. त्यातलं वजा पाच सोडून द्यायचं, कारण ऋण संख्येचा लॉग नसतो. एका मुलीनं दोन्ही ठेवली. मी तीनपैकी दोन मार्क दिले आणि विसरून गेले.

आठवड्याभरानं तिचे वडील स्टाफरूममध्ये आले. वळसंगच्या पुढं त्यांचं गाव. थोडी शेती, खताचं दुकान, शिवाय ग्रामपंचायतीत सदस्य. पाणी प्यायले आणि पिशवीतून शिक्का मारलेला कागद काढून माझ्यापुढं ठेवला. ग्रामसभेचा ठराव होता. विषय क्रमांक तीन गटाराचा, पाच पथदिव्यांचा, आणि मधे चार: सदर विद्यार्थिनीचं वजा पाच हे उत्तर मान्य करण्यात यावं. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

उत्तर चुकलंय, असं मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बाकीच्या पोरांनी एक उत्तर दिलं, आमच्या पोरीनं दोन दिली. जास्त काम केलं म्हणून मार्क कापता व्हय?"

मी तो कागद उचलला. प्राचार्यांकडं गेले, तर शिक्का बघून तेच गंभीर झाले. कागदाला आवक क्रमांक घातला आणि म्हणाले, ग्रामसभेपुढं जाऊन खुलासा करून या. मला वाटलं, गंमत करतायत. त्यांनी ऑन ड्युटीचा अर्ज सही करूनच पुढं सरकवला.

मग एसटीनं गेले. समाजमंदिरात साठ-सत्तर माणसं सतरंजीवर बसलेली. गटार तासभर चाललं, नंतर माझा नंबर. दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते, तो आकडा म्हणजे लॉग, हे मी फळ्यावर मांडलं. शंभराचा लॉग दोन, दहाचा एक, शून्य पूर्णांक एक दशांशाचा वजा एक. सगळे वर्गातल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होते. तेवढ्यात शेळ्या राखणारे एक म्हातारे काठी टेकून उठले.

"मंजी लॉग सोता उणा चालतोय, आन् लॉगच्या पोटात उणं चालत न्हाय. असं का?"

चौदा वर्षं मी फळ्यावर 'अमान्य' लिहून पुढं सरकत आले होते. कारण ठाऊक होतं, पण त्या माणसाला पटेल असं एक वाक्य माझ्याकडं नव्हतं.

इतका वेळ शरमेनं मान खाली घालून मागं बसलेली ती मुलगी उठली. थोडं कानडीत, थोडं मराठीत बोलली. एक भाकरी घ्या, म्हणाली, दहा वाटे करा, एक ठेवा. त्याचे पुन्हा दहा करा, एक ठेवा.

"किती वेळा वाटे केले, तो आकडा उणा धरायचा. पण ताटात कण उरतोच की. उणी भाकरी कुटनं येणार?"

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि खाली बसले. सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले. वजा पाचच्या बाजूनं एकच हात वर आला, तिच्या वडिलांचा. ग्रामसेवकानं त्यांच्याकडं बघितलं.

"कळलंय मला," ते म्हणाले. "पण सूचक मीच हाय. आपल्याच ठरावाच्या विरुद्ध कसं जाऊ?"

ठराव बहुमतानं रद्द झाला. त्यांनीच मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडलं, वाटभर पावसापाण्याचं बोलले.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी त्या मुलीला थांबवून विचारलं, इतकं कळतं तर पेपरात दोन्ही उत्तरं का ठेवलीस? तिनं वहीची पानं उगाच सारखी केली.

"इतकं करून आलेलं होतं, मॅडम. टाकवंना."

मार्क मी दोनच ठेवले. तिनंही मागितले नाहीत.