एका क्लिकवर चाललेली फाईल

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. आधी स्वतःवर, मग इतरांवर.

चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली एका कामगाराचा उजवा पंजा गेला. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता. दुसऱ्याच दिवशी मॅनेजर सीसीटीव्हीचं चित्रण पेन ड्राइव्हवर घेऊन हजर. ‘सेन्सर त्यानेच काढला, साहेब.’ आमच्या ठाण्यातल्या संगणकावर असली फाईल कधी धड उघडत नसे. ही एका क्लिकवर चालली आणि मी, इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस, खूश झालो! कामगाराचा निष्काळजीपणा, असं लिहून मोकळा होणार होतो.

चौथ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. मूळची लातूरकडची.

‘साहेब, सेन्सरची वायर सुपरवायझरनं काढली. ह्यांनी नको म्हणलं, तर म्हणला, काम सोडायचं तर गेट उघडंच हाय. आता चूक ह्यांचीच म्हणायलेत.’

थेरगावात सीसीटीव्ही बसवणारा एकजण ओळखीचा होता. त्याला फाईल दाखवली.

‘साहेब, टीव्हीचं चॅनेल घ्या, लग्नाचा कॅमेरा घ्या, नाहीतर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. चित्र दाबून साठवायची पद्धत बहुतेक एकच, एच २६४. पण ते भरायचा डबा, म्हणजे फाईलचा प्रकार, ज्याचा त्याचा. ह्या डीव्हीआरचा डबा त्याच्याच प्लेअरशिवाय उघडत नाय. म्हणजे कुणीतरी दुसऱ्या डब्यात ओतलंय. ओतताना किती सांडलं, बघा. आणि घाई करा, सात दिवसांनी जुन्यावर नवं रेकॉर्ड होतं.’

त्याच दुपारी पंच घेऊन गेलो आणि डीव्हीआर जप्त केला. मूळ चित्रणात अपघाताच्या अकरा मिनिटं आधी सुपरवायझर वायर काढत होता. शेजारी मॅनेजर घड्याळ बघत उभा. पेन ड्राइव्हवरच्या फाईलमध्ये ही अकरा मिनिटं नव्हतीच.

‘तुम्हाला बघायला सोपं जावं म्हणून कन्व्हर्ट केलं,’ मॅनेजर म्हणाला.

‘आणि ही अकरा मिनिटं?’

‘त्यात विशेष काही नव्हतं.’

माणसाचा हात गेला आणि विशेष काही नव्हतं! मी टेबलावर मूठ आपटली. सुपरवायझर मात्र लगेच फुटला. ‘ह्यांनीच काढायला लावली, टार्गेट होत नव्हतं.’

पुरावा लपवणारे मी खूप पाहिले होते. पण पोलिसाला सोयीचा पुरावा तयार करून देणारा जास्त घातकी, हे मी तिथे शिकलो.

फिर्याद घ्यायला त्या कामगाराकडे इस्पितळात गेलो. हवालदाराने शाईचं पॅड पुढे केलं.

‘अंगठा नको, साहेब. मी आयटीआय झालोय.’

त्याने डाव्या हातात पेन धरलं आणि नाव लिहायला घेतलं. कागद सारखा सरकत होता. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.