टर्न आली का?

सयाजी आणि मी सव्वीस वर्षं उद्यमनगरातल्या एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर उभे होतो. त्यानं कातलेला एकही जॉब चुकला म्हणून कधी परत आला नाही. माझे दोन आले. आता तो राजारामपुरीत नवव्या गल्लीत दोन खोल्यांत एकटा राहतो. दुपारी चारला मी त्याच्याकडे जातो. चहा तो करतो, कप मी धुतो.

टेबलावर त्याच्या मुलीचा जुना लॅपटॉप आहे. त्यात राज्य वाढवायचा एक खेळ आहे. या खेळात घाई नाही. आपण आपली सगळी कामं करायची आणि कोपऱ्यातलं बटण दाबायचं. म्हणजे आपली टर्न संपली. मग समोरच्याची. तो जगात कुठेही असो, तो बटण दाबेपर्यंत खेळ थांबून राहतो.

समोर संयोगिता, म्हणजे त्याची मुलगी. खेळ तिनंच त्याला शिकवला. तेव्हा ती बंगळुरात शिकत होती आणि दिवाळीला घरी आली होती. तिनं आपल्या पहिल्या शहराला आजरा नाव दिलं, आईचं माहेर म्हणून. यानं आपल्या शहराला नेसरी, स्वतःचं गाव. तिसरं राज्य लाल रंगाचं. ते कॉम्प्युटर चालवतो.

सयाजी हा खेळ लेथसारखा शिकला. एक वही केली, तीत नियम लिहिले. पहिल्या चाळीस टर्न कोणाशी भांडू नये. शहरं नदीकाठी वसवावीत आणि एकमेकांच्या मदतीला पोचतील इतकी जवळ. आधी वाटा शोधणारा माणूस तयार करावा, मग कामकरी, सैन्य त्यानंतर. पण प्रत्येक शहरात एक तरी शिपाई हवाच, रिकामं शहर लालला लांबून दिसतं. दिखाऊ इमारती बांधू नयेत. आधी धान्य, मग तट. तोफा एकत्र न्याव्यात, एकेक पाठवली तर एकेक जाते. आणि कामकरी एका टर्नलाही रिकामा उभा राहता कामा नये.

"जॉब सेंटरला लागला न्हाय तर फुडचं समदं वाकडं," तो म्हणायचा. "ह्या पयल्या चाळीस टर्न म्हंजे सेंटरिंग."

मग वहिनी, सयाजीची बायको, आजारी पडल्या. दोन महिने दवाखान्यात होत्या. संयोगिताची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. सयाजीनं तिला कळवलं नाही. फोनवर रोज सांगायचा, आई झोपली आहे, आई देवळात गेली आहे. पेपर झाले की सांगू, असं ठरवलं. शेवटचा पेपर शुक्रवारी होता. वहिनी बुधवारी गेल्या.

मुलगी आली. तेरा दिवस राहिली. बापाशी एक शब्द बोलली नाही आणि परत गेली. त्यानंतर तिनं त्याचा फोन कधी उचलला नाही. न सांगणं मलाही तेव्हा बरोबर वाटलं होतं. हे मी सयाजीला सांगितलं आहे. त्याचा उपयोग नाही.

मुलगी परत गेल्यावर विसाव्या दिवशी लॅपटॉपवर टर्न आली. सयाजी चपला न घालता माझ्या घरी सांगत आला.

तेव्हापासून आमची दुपार अशीच. मी दारातून विचारायचो, "टर्न आली का?" आठवड्यातून दोनदा यायची, कधी एकदा. आली की तो दोन तास राबायचा. एकेक कामकरी, एकेक शेत. माझ्यासमोर बटण दाबायचा आणि लॅपटॉपवर फडकं टाकायचा. अशी तीन वर्षं गेली.

पण मला दिसत होतं ते मी एकदा बोललो.

"ती खेळत न्हाय, सयाजी. नुसतं बटण दाबती. तिचे कामकरी बघ. वरीस झालं, त्याच शेतात उभे हायत."

"असूदेत की. दाबती न्हवं?"

"मर्दा, दाबणं म्हंजे काम न्हवं."

"तुजे दोन जॉब परत आलते. तू मला काम शिकवू नगंस."

हसला, पण ते त्याला लागलं. पुढच्याच टर्नला त्यानं तिच्या सीमेजवळचं आपलं एक शहर मोकळं केलं. शिपाई मागे घेतले, तोफा मागे घेतल्या. तिनं यावं आणि घ्यावं. एक शिपाई तयार करून पाठवला असता तरी मिळालं असतं. तीन आठवडे शहर तसंच उघडं राहिलं. जिंकायच्या युक्त्यांनी त्याची वही भरली होती. समोरच्याला जिंकवायची एकही त्यात नव्हती.

शेवटी लालनं हात घातला, पण तिच्या शहरांना. त्यांच्यात शिपाई नव्हते. पाच शहरं गेली. आजरा तेवढा उरला. लाल तोफा त्याच्यापासून नकाशावरच्या दोन घरांवर आल्या.

सयाजीची फौज आजऱ्याच्या अलीकडे उभी होती. लालला सहज थोपवलं असतं. पण संयोगिताची सीमा बंद होती. तिनं परवानगी दिली तरच आत जाता येतं. नाहीतर तिच्यावरच लढाई पुकारावी लागते.

"पुकार," मी म्हणालो. "आजरा तूच घे. लालच्या हातात जाण्यापरीस बरं."

"लेकीवर लढाई पुकारू व्हय?"

"खेळ हाय रं त्यो."

"मी घेतला तर ती बाद. त्यानं घेतला तरी बाद. सांग, काय वाचलं?"

सयाजीनं परवानगीची विनंती पाठवायला घेतली. सोबत दोन ओळी लिहायची सोय होती. तीन वर्षांत त्यानं ती कधी वापरली नव्हती. एका बोटानं टाईप करायला त्याला पाऊण तास लागला. 'आजरा वाचवायचा हाय. वाट दे. मी चुकलो.' शेवटचे दोन शब्द त्यानं खोडले, परत लिहिले, आणि बटण दाबलं.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी टर्न आली. उत्तर नव्हतं. उत्तर न देता टर्न संपवली की खेळ तो नकार धरतो. तिनं वाचलं की नुसतं बटण दाबलं, ते कळायला मार्ग नाही.

त्यानं पुन्हा विनंती पाठवली. पुन्हा तसंच झालं. आजऱ्याचा तट अर्धा उरला होता. तिसरी विनंती पाठवताना तो काहीच लिहीत नव्हता. मी म्हणालो, "ल्ही की." तो म्हणाला, "ल्हिलंय की एकदा."

त्या वेळी तिच्याकडून टर्न पाचव्या दिवशी आली, तेव्हा मी तिथेच होतो. लालच्या तोफा चालल्या. आजरा पडला. पडद्यावर एक ओळ आली, की एक खेळाडू बाद झाला. सयाजीनं ती चष्मा पुसून वाचली.

थोड्या वेळानं त्यानं आपली कामं केली. सवयीनं, नीट, एकही कामकरी रिकामा न ठेवता. बटण दाबलं आणि फडकं उचललं.

फडकं टाकायच्या आधीच त्याची टर्न परत आली होती.

त्याला कळेना. त्यानं पुन्हा दाबलं. लगेच परत. आता मध्ये कोणी माणूस नव्हतं. कॉम्प्युटरला विचार करायला एक क्षणही लागत नव्हता.

"बंद कर," मी म्हणालो.

त्यानं केलं नाही. अंधार पडायच्या आत त्याच्या सव्वीस टर्न झाल्या. आधी तेवढ्यांना तीन-चार महिने लागत.