दुपट्ट्याखालचा हात

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. बाबा बैलबाजारातले दलाल, शाळेची पायरी न चढलेले. त्यांना कागद-पेन काय आणि मोबाइलची बटणं काय, सारखीच निरुपयोगी. आमच्या हिवरखेडच्या घरात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच होता. आता ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि मला ते बघवत नव्हतं.

अमरावतीच्या कॉलेजात माझं शेवटचं वर्ष चालू होतं. प्रोजेक्टसाठी काहीतरी सोपं घे, असं सरांनी बजावलं होतं. मी ऐकते होय! कीबोर्डला हात न लावता, कॅमेऱ्यासमोर नुसती खूण केली की स्क्रीनवर शब्द उमटेल, असं मी लॅपटॉपवर बसवलं. खुणा बाबांनीच ठरवल्या. तळहातावर हात आपटला की 'सौदा'. वेणी ओढल्यासारखं केलं की 'पोरगी'. लहानपणी माझी वेणी त्यांनी काही कमी ओढली नव्हती.

पण कॅमेरा सुरू झाला की बाबा खांद्यावरचा दुपट्टा हातावर ओढून घ्यायचे. बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. उघड्या हातानं बोलायची त्यांना लाज वाटायची.

"अवो, हात काहून झाकून राहिले?" आई वैतागायची. "त्याले दिसन कसं?"

बाबा ढिम्म. माझी सगळी मेहनत त्या दुपट्ट्यापाशी अडली होती.

एकदा त्यांचे बाजारातले एक जुने दोस्त भेटायला आले. लॅपटॉप बघून म्हणाले, "पोरीनं बनवलं? भारी हाय बे! कितीले देतं?" आणि सवयीनं आपला हात बाबांच्या दुपट्ट्याखाली सरकवला.

बाबांनी तो झटकला. दुपट्टा काढून खाटेवर टाकला. कॅमेऱ्यासमोर हवेत वेणी ओढली, तळहात वाजवला, मग नकाराचं बोट हलवलं. मी मोठ्यानं वाचलं, "पोरगी. सौदा. नाही."

"बरं बाबा, पोरीचं हाय, नाही विकाचं!" दोस्त हसत सुटले.

चांगला भाव आला म्हणून घरचा लाडका गोऱ्हासुद्धा देऊन टाकणारा हा माणूस. माझी मान अशी ताठ झाली की विचारू नका.

बाबांनी हवेत पुन्हा वेणी ओढली. पोरगी. पुन्हा ओढली. पोरगी. स्क्रीन भरली तरी ते थांबेनात.