अजून चार बायका

"और चार बिठा दो, झट से हो जाएगा." आमच्या शेठचं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी अंबरनाथहून उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात जीन्स शिवायला जायचे. वडिलांची कंपनी बंद पडलेली, घर माझ्या जिवावर. तरी हट्टाने बाहेरून दहावीला बसले होते. ऑर्डर गेली की परीक्षेला सुट्टी, असं शेठने कबूल केलं होतं. आम्ही चौघी, चौघींचा हात बसलेला. पहिल्या पेपरच्या आधी माल जाणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

शेठला धीर कुठला! त्याने चार नव्या बायका आणून बसवल्या. झालं. "ताई, ही चेन कशी लावू?" "ताई, हा खिसा कुठल्या बाजूला?" मी त्यांच्या मशीनवर, माझं मशीन बंद. त्यांना तरी काय बोलणार, कालपर्यंत बिचाऱ्या घरी ब्लाउज शिवत होत्या. काम आणखी मागे पडलं, तर हा बाबा आणखी चौघींना घेऊन हजर! बसायला जागा नाही, कात्रीवरून भांडणं.

एका पँटचे सगळे तुकडे एकाच ताग्यातले लागतात, म्हणून आम्ही त्यांवर खडूने नंबर टाकून गठ्ठे बांधायचो. त्या गर्दीत गठ्ठे पायाखाली आले, सुटले, खडू पुसला गेला. मग जो तुकडा हाताला लागेल तो जोडला. दोन ताग्यांच्या रंगातला फरक कोऱ्या कापडात कळत नाही. माल धुऊन आला तेव्हा एक पाय गडद, दुसरा फिका. ढीगच्या ढीग तसले!

"सब खोलो, फिर से सिलाई करो," शेठ ओरडला. दुसऱ्या दिवशी पहिला पेपर होता.

मी म्हटलं, "शेठ, तुमने जबान दिया था."

"जाना है तो जा. फिर वापस मत आना."

वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मी गेले नाही. पेपर सुरू झाला असेल त्या वेळी मी दुसऱ्यांनी घातलेली शिवण उसवत होते. रडूसुद्धा आलं नाही, इतका संताप झाला होता.

माल गेला तेव्हा शेठने पेढे वाटले. मला म्हणाला, "अगले साल दे देना. इम्तिहान कहाँ भाग रहा है?"

पुढच्या वर्षी परीक्षेच्या आधीच माझं लग्न लावून दिलं. सासरी दहावीचं नाव काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आता काय कलेक्टर व्हायचंय?" अजूनही कुणी शिक्षण विचारलं की मी 'नववी' सांगते, आणि मनात त्या शेठला एक सणसणीत शिवी हासडते.