खेकड्याचं तांत्रिक साहाय्य

जगाचं तापमान कमी करण्याची जबाबदारी एका जानेवारीत आमच्या धानाच्या बांधीवर येऊन पडली. तोवर ते काम कोण करत होतं, मला माहीत नाही. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात तरी कोणी करत नव्हतं.

बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी तुंबून राहिलं की चिखलातून एक वायू निघतो आणि तो हवा तापवतो, हे दूरच्या कुठल्यातरी थंड देशातल्या लोकांनी मनावर घेतलं. त्या देशात धान पिकत नाही, त्यामुळे त्यांना विचार करायला वेळ मिळाला असावा. त्यांनी पैसे काढले. ते एका आंतरराष्ट्रीय निधीत गेले, तिथून दिल्लीला, दिल्लीहून पुण्याच्या एका सल्लागार संस्थेकडे आणि तिथून नागपूरच्या दुसऱ्या संस्थेकडे. प्रत्येक मुक्कामाला त्यांच्यावर कार्यशाळा झाली. आमच्या गावात पोचेपर्यंत त्या पैशांची हातभर लांबीची, भोकं पाडलेली प्लास्टिकची नळी झाली होती. दर शेतकऱ्यामागे एक.

नळी अर्धी चिखलात रोवायची. भोकांतून पाणी आत येतं. आत डोकावलं की जमिनीखाली पाणी किती खोल गेलं ते दिसतं. वीतभर खाली गेलं की मोटर लावायची, तोवर नाही. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडायचं नाही. एवढंच तंत्रज्ञान. मला ते ऐकताक्षणी पटलं, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून मी प्रकल्पाच्या विरोधात आहे असं वाटेल.

पटलं ते पृथ्वीसाठी नाही, बोअरसाठी. मोठे दीर आणि आम्ही, दोन्ही घरांचं उन्हाळी धान एकाच बोअरवर आहे. एप्रिल लागला की ती घोटे घेते. पाणी, हवा, पाणी, हवा, मग नुसतीच हवा. नेमकं तेव्हाच धान दुधात असतं. मागच्या उन्हाळ्यात शेवटचं पाणी मिळालं नाही आणि धान उडवल्यावर माझ्या खळ्यात फोलाचा ढीग दाण्यांपेक्षा उंच झाला. यंदाही तेच झालं तर उन्हाळी धान बंद करायचं, असं आमच्या घरात ठरलं होतं.

प्रशिक्षण भंडाऱ्याला झालं. सभागृहात एसी इतका की बायकांनी पदर कानांवरून घेतले. जागतिक तापमानवाढ तिथे तरी पूर्ण आटोक्यात होती. परदेशी तज्ज्ञ पडद्यावर चित्रं दाखवत होते आणि प्रकल्पाच्या मॅडम मराठीत सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, काही शंका असतील तर विचारा.

मी उभी राहिले. "बोअर सामाईक आहे. मी माझी बांधी सुकवून पाणी वाचवलं आणि तेच पाणी जाऊबाईंनी घेतलं, तर वाचलं कोणाचं?"

मॅडमनी भाषांतर केलं. तज्ज्ञांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. बराच वेळ लिहिलं.

"ताई, सर म्हणतात प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आपण तो दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

दुसरा टप्पा कधी, हे विचारायच्या आत जेवण लागलं.

जाऊबाई प्रशिक्षणाला आल्या नव्हत्या. घरी येऊन त्यांना मी माझ्या परीने समजावलं.

"धान सुकवाचा?" त्या म्हणाल्या. "उद्या मासोळीले म्हनजो, वाळूत पोह. काहून वो, एसीची हवा लागली का तुले?"

"बाई, मुळाले पानी राहातेच. वरतं दिसत नाही, एवढंच."

"मले दिसलं पायजे."

यापुढे तंत्रज्ञान चालत नाही. त्यात भासऱ्यांनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, मोटरला ऑटो स्विच बसवलेलं. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. माणसाला उठावं लागत नाही आणि विचारही करावा लागत नाही. त्यांच्या बांधीकडचा वॉल्व्ह कायम उघडा. नळी मात्र त्यांनी हौसेने लावून घेतली, कारण फुकट होती.

मॅडमनी मला जलदूत केलं. म्हणजे रोज दोन्ही नळ्यांत मोबाइल धरायचा, आतला फोटो काढायचा आणि अ‍ॅपमध्ये टाकायचा. बाहेरचा फोटो टाकायला अ‍ॅपमध्ये जागा नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात जाऊबाईंच्या नळीत खेकडा शिरला. त्याने खालची सगळी भोकं चिखलाने लिंपून घेतली आणि आत संसार थाटला. नळीबाहेर घोटा बुडेल इतकं पाणी, आत ठणठणीत कोरडं. तज्ज्ञ इतक्या लांबून येऊन जे करू शकले नाहीत, ते त्याने एका रात्रीत केलं.

मी मॅडमना फोन लावला. "मॅडम, जाऊबाईंच्या वरच्या बांधीतल्या नळीत खेकडा आहे. ती नळी खोटं सांगते."

"ताई, अ‍ॅपमध्ये खेकड्याचा पर्याय नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही फक्त फोटो टाका. निष्कर्ष आम्ही काढतो."

मी फोटो टाकत गेले. नळी रोज म्हणायची, पाणी हवं. जाऊबाई रोज पाणी देत होत्या. नियम काही मोडत नव्हता.

माझ्या बांधीकडचा वॉल्व्ह मात्र मी बंद केला होता. माती आधी चिकट झाली, मग तिला बारीक भेगा पडल्या. येणारेजाणारे थांबून विचारायचे, घरी काही झालं का. धान हिरवंच होतं, पण पाणी हटलं तसं गवत उठलं. एरवी दोन निंदणांत भागतं, यंदा चार झाली. वाचलेलं पाणी प्रकल्पाच्या अहवालात आलं, माझी कंबर आली नाही. आणि मी वाचवलेलं पाणी रोज वरच्या बांधीत जाताना मला धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, स्वच्छ दिसत होतं. दुसरा टप्पा तो हाच.

मार्चमध्ये पडताळणी करायला दिल्लीहून साहेब आले. आदल्या दिवशी लाइन बिघडलेली, मोटर बंद. त्याच दिवशी त्या खेकड्याने, किंवा त्याच्या नातेवाइकाने, मी काही ओळखपत्र पाहिलं नाही, आमच्या दोघींच्या बांध्यांमधला धुरा पोखरला. जाऊबाईंची बांधी वर, माझी खाली. वरचं सगळं पाणी सकाळपर्यंत माझ्याकडे उतरलं.

साहेबांनी बूट सांभाळत माझ्या नळीत डोकावलं. काठोकाठ भरलेली.

"साहेब, हे पाणी माझं नाही," मी म्हटलं. "वरच्या बांधीतलं आहे. हे बघा भोक."

"बहनजी, पानी पर किसी का नाम थोडी लिखा होता है," ते म्हणाले आणि माझ्या नावापुढे फुली मारली.

मग ते वर गेले. बांधीत नुसता चिखल, नळी कोरडी, आणि त्यांच्या मोबाइलमध्ये अ‍ॅपवर इतक्या दिवसांचे कोरड्या नळीचे फोटो, रोज न चुकता काढलेले. ते कोणी काढले हे त्यांनी विचारलं नाही. जाऊबाई आदर्श शेतकरी ठरल्या.

सत्कार त्याच थंडगार सभागृहात झाला. शाल, नारळ, टाळ्या. शाल त्यांनी लगेच पांघरली. तिथे ती लागतेच. कोणीतरी त्यांच्यापुढे माइक धरून अनुभव विचारला.

"पयले भेव वाटे," जाऊबाई म्हणाल्या. "आता नाही वाटत."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांचा शाल घेतलेला फोटो मोठा करून ग्रामपंचायतीत लावला. येताजाता बायका त्यांना विचारू लागल्या, बाई, कसं केलं वो तुमी? जाऊबाई म्हणायच्या, कराव लागते.

आणि मग मॅडमचा निरोप आला. एप्रिलमध्ये निधी देणारे परदेशी पाहुणे स्वतः आदर्श शेतकऱ्याची बांधी पाहायला येणार.

त्या संध्याकाळी जाऊबाई माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. चहा दिला तरी कपाला हात लावला नाही.

"थे लोक नळी उपटून पायतील का वो?"

"पायतील. खेकडा निघन."

"खेकडा कालच रश्श्यात गेला," त्या म्हणाल्या. "नळी आता खरं बोलून राहिली. त्याचंच तं भेव हाय."

मी कप त्यांच्याकडे सरकवला.

"फोटो माया लागला पंचायतीत. नाक मायंच कटन. मले शिकव, कवा बंद कराचं, कवा सोडाचं."

दुसऱ्या दिवशी ऑटो स्विच निघालं. भासरे बरंच बडबडले. जाऊबाई म्हणाल्या, "परदेशातले पावने येऊन राहिले, तुमाले काय समजते?" धुऱ्याचं भोक आम्ही दोघींनी चिखल घालून बुजवलं. फुलोऱ्यात पाणी ठेवलं, तो सरल्यावर दोन्ही वॉल्व्ह नळी पाहूनच उघडू लागले. जाऊबाई दिवसातून तीनदा नळीत डोकावायच्या, जावई येणार असल्यासारख्या.

स्विच निघाल्याला आठवडा झाला नव्हता तोच मॅडमचा मेसेज आला. निधी देणाऱ्या देशाचे प्राधान्यक्रम बदलले आहेत. पाहुण्यांचा दौरा रद्द. प्रकल्पाचा हा टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे. सहकार्याबद्दल आभार.

मी तो दोनदा वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि भाकरी थापायला बसले.

"कवा येतेत वो पावने?" जाऊबाई दर चार-पाच दिवसांनी विचारायच्या.

"दिवस ठरला नाही म्हनते. आले तं येकाएकी येतीन."

हे खोटं होतं. पण त्या नळीने दोन महिने खोटं सांगितलं तर शाल मिळाली होती. मला फक्त शेवटचं पाणी हवं होतं.

एप्रिल सरत आला तेव्हा मी मोटरपाशी उभी राहून पाइपाला कान लावला. पाणी, पाणी, पाणी. धार बारीक होती, पण मध्ये हवा नव्हती. शेवटचं पाणी दोन्ही बांध्यांना मिळालं, आधी माझ्या आणि मग त्यांच्या.

मे महिन्यात कापणी होऊन धान खळ्यात आलं. जाऊबाई माझ्या ढिगापाशी आल्या, एक दाणा दाताखाली धरून फोडला.

"भरला," त्या म्हणाल्या.

मी मोबाइल काढून त्यांना मेसेज वाचून दाखवला. पूर्ण, आभारासकट.

"कवाचा हाय हा?"

"तुमी स्विच काढलं, त्याच हप्त्यातला."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग अजून एक दाणा उचलून फोडला, तोही भरलेला निघाला. पलीकडे भासरे पोती मोजत होते. त्यांच्याकडे एकदा बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुया भासऱ्याले सांगू नको. पावने यंदा राहिले, असं सांगू. पुढच्या साली नक्की येनार हायेत."