बोरूनं काढलेली आई

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या चित्रकला वर्गातून फोन आला. तिथे आता शिकवणाऱ्या बाई बोलत होत्या.

"सर, माजी विद्यार्थ्यांचं प्रदर्शन लावतोय. कपाट आवरताना शाईतलं एक चित्र सापडलं. सही नाहीये, पण मागे मोठ्या सरांच्या अक्षरात तुमचं नाव आणि 'याची आई' असं लिहिलंय. काय सुंदर काढलंय हो तुम्ही!"

ते मी काढलेलं नाही, एवढंच बोलायचं होतं. मी "हो का" म्हणालो आणि फोन ठेवला.

चित्र माझ्या वर्गमित्रानं काढलं होतं. तो सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी माग, घरात तेलुगू. मी होटगीहून रोज पॅसेंजरनं यायचो. वडील रेल्वेत गँगमन. पुढे मी बहिःस्थ बी.ए. केलं, घरातला पहिला पदवीधर झालो, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. हे सगळं त्या वर्गामुळे, हे मी कधी विसरलो नाही.

ते चित्र काढलं त्या दिवशी मॉडेल म्हणून बसणारा हमाल आला नव्हता. आई बाजाराला आली होती आणि मी घरी विसरलेला डबा द्यायला, स्टेशनाजवळच्या आमच्या वर्गाखालच्या दुकानात थांबली होती. वर्ग बघायचाय म्हणाली म्हणून मी तिला घेऊन वर आलो, तर सरांनी तिलाच विचारलं, "मावशी, अर्धा तास बसाल का?"

"अवो मास्तर, लुगडं तरी चांगलं नेसून आले असते की!" असं म्हणत ती लाकडी ओट्यावर बसली. एक पाय पुढे पसरलेला, सगळा भार डाव्या हातावर.

मी पेन्सिल हात लांब करून धरली, मापं घेतली, डोक्यापासून सुरुवात केली. आम्हाला तसंच शिकवलं होतं. मित्रानं पेन्सिल घेतलीच नाही. बोरू दौतीत बुडवला आणि थेट ओट्यावर टेकलेल्या तळहातापासून रेघ ओढली. वीस मिनिटांत तो हात पुसत उभा राहिला. मी अजून नाक खोडत होतो.

आई उठून आधी माझ्याकडे आली. "ही कोण रं? पाटलीणबाई?" वर्ग हसला. मी तिचे दोन्ही पाय नीट मुडपून काढले होते. पाय पसरून बसलेली आई सरांसमोर मला बरी वाटत नव्हती.

मग ती त्याच्या चित्रासमोर गेली. चित्रातल्या गुडघ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हितं लई दुखतंय. ह्याला कुणी सांगितलं?" शाई ओली होती. बोटाचा डाग पडला.

आईचा गुडघा दुखतो हे मला तेव्हा कळलं.

पुढची कित्येक वर्षं ती मला विचारायची, "त्यो पोरगा काय करतो?" माझी चित्रं घरात टांगलेली असायची, त्यांच्याखाली बसून ती हे विचारायची. तो वर्ग अर्धवट सोडून घरच्या कारखान्यात टॉवेलच्या डिझाइनला लागला, हे सांगताना मला बरं वाटायचं. लिहायला लाज वाटते, पण वाटायचं.

फोनच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी व्हॉट्सॅपवर फोटो पाठवला. कागद पिवळा पडलेला, शाई कडेला तपकिरी झालेली, गुडघ्यावर तो डाग. खाली छापील पट्टीवर माझं नाव. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. तिचे लग्नातले फोटो आहेत, रेशनकार्डावरचा आहे. त्यातल्या एकातही ती अशी नाही. मी ती पट्टी पुन्हा पुन्हा मोठी करून वाचली. खरं सांगायचं तर माझं नाव तिथे छान दिसत होतं.

दुपारी मित्राला फोन केला. म्हटलं, तुझ्या चित्राखाली माझं नाव लागलंय.

"लागू दे की. तुझीच आई हाय."

तो भांडला असता तर सोपं गेलं असतं. इतकं चांगलं चित्र तो असं देऊन टाकू शकतो, याचाच मला राग आला. मी विचारलं, "तुला गुडघ्याचं कसं कळलं होतं रे?"

"अरे, जिन्यात मी तुमच्या मागं होतो. मावशी एकेका पायरीला कठडा धरून थांबत होत्या. तू पुढं होतास, तुला कसं दिसणार?"

त्यानं हे मला समजून घेत सांगितलं. मी मात्र पुढं का होतो ते मला ठाऊक होतं. आईच्या हातात पिठाची पिशवी होती आणि मला तिच्याबरोबर वर्गात शिरायचं नव्हतं.

मी लगेच बाईंना फोन लावला आणि मित्राचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. पट्टी बदला म्हटलं.

"अय्या, सॉरी सर! मग तुमचं कुठलं चित्र लावू?"

नको, राहू दे, असं म्हणावं असं मनात आलं होतं.

"माझं जलरंगातलं तळ्याचं एक आहे," मी म्हणालो. "उद्या आणून देतो. फक्त आईच्या चित्राशेजारी लावू नका."