चारीच्या टोकाला आलेल्या सुमतीबाई

सुमतीबाई गेल्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होते. डोळे भरले आणि पाठोपाठ, काय करावं, हसूच आलं... गुन्हेगारीशास्त्राच्या या प्राध्यापिका मला पहिल्यांदा दिसल्या त्या आमच्या बोरी गावात, कालव्याच्या चारीत, गुडघाभर चिखलात चप्पल शोधताना.

नव्वदनंतरची ती वर्षं. दादानं, माझ्या सख्ख्या भावानं, पाण्याच्या पाळीवरून चुलतभाऊ बबनच्या खांद्यावर फावडं घातलं होतं. दादा तुरुंगात, बबनचा उजवा हात कायमचा अधू. बाई हाणामाऱ्यांचा अभ्यास करत जुन्नर-आंबेगाव पालथं घालत होत्या. आई त्यांच्यावर खेकसली, "पोराला आत टाकलंय, आता आमाला बी न्यायचंय का?" बाई ओट्यावर टेकल्या. "मुलाचं राहू द्या. तुमच्या शेतात पाणी किती दिवसांनी येतं?" हे आम्हाला कोर्टातसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. आई दोन तास बोलत होती.

चारीच्या तोंडाशी ज्यांची शेतं, त्यांना मुबलक पाणी; टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला, आम्ही, कोरडे. डोकी फुटतात ती टेलला, हे बाईंनी गावोगावचे नकाशे मांडून दाखवलं. तरी दादाला तुरुंगात भेटून तोंडावर सांगितलं, "कारण कळलं म्हणजे माफ झालं असं नाही."

दादा सुटून आला, पण त्याच्या हातचं कुणी पाणीही घेईना. माझ्या लग्नात मोठ्यांनी त्याला मांडवामागं चुलीपाशी बसवलं. नवरीचा भाऊ, आणि वाढायला बंदी! मुंडावळ्या बांधून मी रडत होते.

पंगत बसली आणि लग्नाला आलेल्या बाईंनी ताटावर हात ठेवला. "नवरीच्या भावानं वाढल्याशिवाय मी जेवणार नाही." पाहुणी उपाशी, म्हणून सगळी पंगत ताटकळली. मला त्यांचा असा राग आला... एवढी शिकलेली बाई, आणि भर मांडवात तमाशा! शेवटी दादा आमटीची बादली घेऊन आला. बाईंना वाढलं. शेजारी बबन बसलेला. दादा बादली घेऊन तिथंच थांबला.

"बघतो काय राव?" बबननं डाव्या हातानं ताट पुढं सरकवलं. "वाढ की. लई भूक लागलीया."

मग काय, बाईंनी तीनदा आमटी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून बसल्या.

पुढं त्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, आमची नावं बदलून. गेल्या महिन्यात त्यांच्या तेराव्याला दादा आणि बबन एकाच मोटरसायकलवर पुण्याला गेले. प्राध्यापकांच्या त्या गर्दीत दादानं कुणाला न विचारता वाढायला घेतलं. कुणीतरी विचारलं, "आपण मॅडमचे कोण?"

बबन म्हणाला, "आमी दोघं बी त्यांच्या पुस्तकात हाय."